चाळ, टॉवर आणि अकरावीतली दोघं: किशोर कादंबरीत पैसा लिहायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वरळीच्या बीडीडी चाळीतली अकरावीची मुलगी, रस्त्यापलीकडच्या टॉवरमधला तिच्याच वर्गातला मुलगा. दोघांचं जमतं, मुलाच्या आईला कळतं, ती मुलीचा अपमान करते. अर्धी कादंबरी लिहून झाली आहे, वाचणारे म्हणतात 'फिल्मी वाटतं', आणि शेवट सुखाचा करावा की दुःखाचा हे ठरत नाही.

मला अडचण शेवटाची वाटत नाही. तुम्ही दिलेल्या गोषवाऱ्यात पैसा तीन ठिकाणी दिसतो: वाढदिवसाची पार्टी, महागडं गिफ्ट आणि आईचं बोलणं. बाकी सगळीकडे दोघं एकाच खिशातून खर्च केल्यासारखी वावरतात. ती कॉलेजला कशी येते, तिच्या हातातला फोन नक्की कुणाचा, उशीर झाला तर घरी काय अडतं, यातलं काहीच येत नाही. म्हणजे दरी पानावर घडत नाही, ती कुणीतरी बोलून दाखवावी लागते, आणि मग बोलून दाखवायला एक दुष्ट बाई आणावी लागते. फिल्मीपणा तिथून येतो.

अशी हस्तलिखितं संपादित करताना मी एक गोष्ट सगळ्यात आधी तपासतो: एकच चूक दोघांच्या हातून झाली, तर कुणाला किती महाग पडते? सोळाव्या वर्षी चुका सगळेच करतात. लेक्चर बुडवतात, खोटं बोलतात, उशिरा घरी जातात, फोन पाडतात. ज्याच्या घरी पैसा आहे त्याची चूक दोन दिवसांत निस्तरली जाते. ज्याच्या घरी नाही, त्याची चूक महिनाभर घरातल्या सगळ्यांना पुरते. श्रीमंत-गरीब प्रेमाच्या गोष्टीतली खरी चुरस मला इथे दिसते. दोघं बरोबरीने एक धोका पत्करतात, आणि तो बरोबरीचा नव्हता हे त्यांना नंतर कळतं. त्यातल्या एकाला फार उशिरा कळतं.

उदाहरणार्थ फोन. समजा दोघं लेक्चर बुडवून मरीन ड्राइव्हला गेली, भरतीची लाट कठड्यावरून आली आणि दोघांचेही फोन भिजले. मुलाला शनिवारपर्यंत नवा फोन मिळेल, वर 'बेजबाबदार आहेस' असं एक लेक्चर. मुलीच्या हातातला फोन मात्र घरातला एकमेव बरा फोन आहे. तिची आई डबे करते आणि उद्याच्या डब्यांच्या ऑर्डरी त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. संध्याकाळी आईला कळतच नाही की उद्या किती पोळ्या लाटायच्या. दोन गिऱ्हाइकं तुटतात. आई ओरडत नाही, पुढचे चार दिवस ती फक्त शेजारच्या वहिनींचा फोन मागून आणते. या प्रसंगात कुणीही वाईट वागलेलं नाही, कुणीही 'तुम्ही गरीब लोक' असं म्हटलेलं नाही, तरी दरी वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. आणि मुलगा सोमवारी नव्या फोनवरून तिला मेसेज करून विचारतो, 'रिप्लाय का नाही करत? चिडलीयस का?' तुमच्या कादंबरीला असा एक प्रसंग सापडला, की मुलाच्या आईने केलेल्या अपमानाची गरज आपोआप कमी होईल.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील.

पहिली म्हणजे वर्ष. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथे दर दहा-पंधरा वर्षांनी चाळ आणि टॉवर यांचा अर्थ बदलतो. तुम्ही लिहिलंय की मुलीचे वडील गिरणी बंद पडल्यापासून घरी आहेत. गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ चा. आज सोळा वर्षांची असलेली मुलगी २००९ च्या आसपास जन्मलेली, तिचे वडील १९८० च्या आगेमागे. संपात होते ते तिचे आजोबा. वडिलांच्या पिढीच्या वाट्याला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमधली सिक्युरिटीची नोकरी आली, कुरिअर आलं, कंत्राटावरची बस आली, अ‍ॅपवरची डिलिव्हरी आली. गिरणगावावरच्या बऱ्याच हस्तलिखितांत हा एका पिढीचा घोळ असतो आणि तो दुरुस्त केला की घर एकदम जिवंत होतं: आजोबांकडे युनियनच्या गोष्टी आहेत, वडिलांकडे बारा तासांची ड्यूटी आहे आणि युनियन नाही. एकाच खोलीत दोन वेगवेगळे स्वाभिमान राहतात. मुलगी त्यातला कुठला उचलते, हे तुमच्या पात्राचं अर्धं काम करून टाकेल.

शिवाय वरळीच्या बीडीडीच आता बदलत आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या तळमजला अधिक तीन अशा या चाळी, एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. पुनर्विकासात त्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळणार आहेत आणि पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. म्हणजे तुमची गोष्ट आजची असेल, तर मुलगी चाळीत असेल, संक्रमण शिबिरात असेल, भाड्याच्या घरात असेल किंवा स्वतःच चाळीस मजली टॉवरमध्ये राहायला गेलेली असेल. हा शेवटचा पर्याय मला सगळ्यात श्रीमंत वाटतो, कारण त्यावर अजून फारसं लिहिलं गेलेलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला आता दोघंही टॉवरमध्येच राहतात. फरक उरतो तो मेंटेनन्सच्या बिलाचा, लिफ्ट बंद पडल्यावर ती किती दिवसांनी सुरू होते याचा, आणि दार बंद झाल्यावर शेजारच्या कुणाचाच आवाज येत नाही म्हणून अस्वस्थ होणाऱ्या आजीचा. मुलगा म्हणतो, 'आता तर तुमचंही सेम आहे ना?' त्या वाक्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

दुसरी गोष्ट, ती दोघं भेटतात कुठे आणि का. 'एकाच वर्गात' हे पुरेसं नाही. मुंबईतल्या पैसेवाल्या घरांतली कितीतरी मुलं आयबी किंवा केंब्रिज अशा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांत बारावीपर्यंत तिथेच शिकतात, ज्युनिअर कॉलेजच्या वाटेला जातच नाहीत. जी येतात त्यांतलीही बरीच नावापुरती प्रवेश घेतात आणि दिवसभर क्लासला बसतात. त्यामुळे टॉवरमधला मुलगा दादर-माटुंग्याच्या अनुदानित कॉलेजात रोज बाकावर बसलेला दाखवायचा असेल, तर त्याचं कारण द्या. वडील त्याच कॉलेजचे आणि त्यांचा हट्ट, असं असेल. क्लास सोडून दिला म्हणून घरी भांडण झालंय, असंही असेल. कारण दिलंत की त्याच्या घरातला तणावही आपसूक येतो.

माझं मत विचाराल तर मी त्यांना अकरावीत पहिल्यांदा भेटवणारच नाही. शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. त्यात फी माफ असते ती आठवीपर्यंतच. नववीपासून शाळा पूर्ण फी मागू शकते. आता बघा: मुलगी पहिलीपासून त्या मुलाच्याच शाळेत होती, आठ वर्षं एकाच वर्गात, आणि नववीत ती दिसेनाशी झाली. मुलाला वाटलं, शाळा बदलली असेल. त्याने कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी अकरावीच्या वर्गात ती पुन्हा समोर येते, मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी करून, त्याच्यापेक्षा जास्त टक्के घेऊन. त्याच्या मनात आनंद आहे, तिच्या मनात 'तू विचारलं का नाहीस?' हा प्रश्न आहे. यात ओळख आहे, ओढ आहे, राग आहे आणि तो राग पैशाचाच आहे, पण पैशाचा शब्दही न काढता. पहिल्या भेटीत धडकून पुस्तकं पडण्यापेक्षा हे कितीतरी दमदार आहे.

भेटण्याची रोजची जागा म्हणून कॅफे फार वापरला जातो. तुमच्याकडे वरळीची अभ्यास गल्ली असताना कॅफे कशाला? सुदाम काळू अहिरे मार्गावर रस्त्याच्या दिव्याखाली पिढ्यान्पिढ्या चाळीतली पोरं अभ्यासाला बसत आली, कारण खोलीत जागा आणि शांतता दोन्ही नव्हती. मुलीसाठी ती गरज आहे. मुलासाठी ती पहिल्या दिवशी गंमत आहे, तिसऱ्या दिवशी डास आहेत, आणि परीक्षेच्या आधी तो 'माझ्याकडे ये ना, एसी आहे' असं सहज बोलून जातो. त्याचा हेतू चांगलाच असतो. एकच जागा दोघांना दोन अर्थांची असते आणि ती फुकट असते, म्हणून कादंबरीभर पुन्हा पुन्हा वापरता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे कुणाकडे काय आहे. मुलगी श्रीमंत आणि मुलगा गरीब असा उलटा आराखडा केला तर धोक्यांचं वजनच बदलतं. तिच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली तर मुलाचं पुढचं आयुष्य अडकू शकतं, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, पण एका आराखड्यातले प्रसंग उचलून दुसऱ्यात बसत नाहीत. आणि याच कारणासाठी, शिवाय वाचक बारा-तेरा वर्षांचेही असतील म्हणून, पानावरची जवळीक हात धरण्याच्या, एका इअरफोनची दोन टोकं वाटून घेण्याच्या पुढे नेऊ नका. गोष्टीला त्यापेक्षा जास्त लागतही नाही.

आणि जात. तुमच्या गोषवाऱ्यात दोन्ही घरांना आडनाव नाही, भिंतीवर फोटो नाही, रविवारी काय शिजतं ते नाही. हे मुद्दाम टाळलं असेल तर मी आग्रहाने सांगेन, टाळू नका. आपल्याकडे पैशाची दरी क्वचितच एकटी येते. वरळीच्या बीडीडीत १९७४ ची दलित-सवर्ण दंगल पाहिलेले आजी-आजोबा अजून आहेत. मुलीचं घर बौद्ध असेल, मराठा असेल, कोकणातलं असेल, त्याप्रमाणे नातीच्या प्रेमाकडे बघताना आजीची भीती वेगळी असेल. कुठलंही घर निवडा, पण निवडा. 'गरीब' हे कुणाच्याही घराचं पूर्ण वर्णन होत नाही.

आता प्रत्यक्ष काम. लिहायला बसण्याआधी दोघांचा आठवड्याचा हिशेब एका कागदावर मांडा. तो कादंबरीत जाणार नाही, पण प्रत्येक प्रसंग लिहिताना समोर असू द्या. समजा मुलीला आठवड्याला ३०० रुपये मिळतात. साध्या बेस्टचं पाच किलोमीटरपर्यंतचं तिकीट मे २०२५ पासून १० रुपये आहे. सहा दिवस जाऊन-येऊन १२० गेले. झेरॉक्सचे ४० धरा, कॅन्टीनचे १०० धरा. उरले ४०. आता कॅफेतली एक कोल्ड कॉफी २८० ची धरली, तर ती तिच्या सात आठवड्यांची शिल्लक आहे. हे एकदा तुम्हाला माहीत असलं, की ती कॅफेत कशी बसेल, ग्लास कसा धरेल, हे वेगळं शोधावं लागत नाही.

मुलाचा हिशेब मांडताना लोक कंटाळा करतात, 'त्याच्याकडे भरपूर आहेत' म्हणून सोडून देतात. तसं करू नका. त्याचे पैसे कुठून येतात? वडिलांचा व्यवसाय आहे की पगार? घरावर कर्ज आहे का? 'बिझनेसमन' हे उत्तर नाही. भिवंडीत गोदामं आहेत, हाडांचे डॉक्टर आहेत, बांधकामाचं लहानसं कंत्राट मोठं झालंय, असं काहीतरी नेमकं हवं. आणि तो फोनवरून पैसे देत असेल, तर ज्याच्या खात्यातून जातात त्याच्या फोनवर प्रत्येक वेळी मेसेज जातो. म्हणजे दर मंगळवारी पावणेपाचला त्याच्या वडिलांना कळतं की मुलगा क्लासच्या वेळेत दादरला दोन कॉफ्यांचे पैसे देतोय. गुपित फुटण्यासाठी शेजारणीने बघायची गरज नाही. उलट मुलीची रोख रक्कम कुणाला दिसत नाही, त्या एका बाबतीत ती त्याच्यापेक्षा मोकळी आहे. अशा उलट्या बाजू शोधत राहा, नाहीतर ती सगळीकडून बिचारी आणि तो सगळीकडून राजा होतो.

तुम्ही कॅफेतला उतारा पाठवलात, त्याचा सूर साधारण असा आहे:

'ईशानने मेनूकार्ड बघितलंही नाही. "तू काहीही माग, पैशांची काळजी करू नकोस," तो म्हणाला. रुचिताचे डोळे भरून आले. तिला आईचे राबणारे हात आठवले.'

यातली वाक्यं निष्कर्ष सांगतात. तोच प्रसंग हिशेब समोर ठेवून लिहिला तर:

'काउंटरच्या वर पाटी होती. रुचिताने आधी उजवीकडचे आकडे वाचले, मग डावीकडची नावं.
"मला नको. पोट भरलंय माझं."
"अगं, आत्ता तर म्हणालीस भूक लागलीय."
"मघाशी लागली होती."
ईशानने दोन कोल्ड कॉफ्या सांगितल्या आणि फोन पुढे धरला. पाचशे साठ. त्याने आकड्याकडे बघितलंच नाही, तो टेबल शोधत होता.
तिने कॉफी हळूहळू प्यायली, पण सगळी प्यायली. तळाचा बर्फसुद्धा चघळला.
"उद्या कॅन्टीनमध्ये माझ्याकडून," ती उठताना म्हणाली.
"सोड ना यार."
"सोडायचं नाहीये मला."'

डोळे भरले नाहीत, आई आठवली नाही. ती 'महाग आहे' असंही म्हणत नाही, कारण सोळाव्या वर्षी कुणी ते म्हणत नाही, भूक नाही म्हणतं. मुलगा कंजूष नाही, उद्धट नाही. त्याची चूक एवढीच की परतफेड हा तिचा हट्ट नसून तिचा हक्क आहे हे त्याला 'सोड ना' म्हणताना कळत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ती कॅन्टीनमध्ये दोन वडापावांचे ४० रुपये देते तेव्हा आठवड्याची शिल्लक संपते. ते वाचकाला सांगू नका. शनिवारी तिला अभ्यास गल्लीतून बसऐवजी लांबच्या मैत्रिणीकडे चालत जाताना दाखवा, झालं.

मुलाच्या आईबद्दल. तिला खलनायिका करण्यात सगळ्यात मोठा तोटा हा, की मग मुलाला काही करावंच लागत नाही, आईशी भांडला की तो नायक झाला. त्यापेक्षा तिला चांगली बाई करा. कदाचित ती स्वतः गिरगावच्या किंवा दादरच्या चाळीत वाढलेली असेल आणि तिला त्या मुलीबद्दल खरीच माया वाटत असेल. ती प्रेमाने म्हणते, 'काही लागलं तर सांग हं बाळा, फीचं वगैरे.' मग कपाटातून पुतणीचे कपडे काढून देते, नवेच आहेत, एकदाच घातलेले. मुलगी 'थँक्यू काकू' म्हणते, पिशवी घेते. त्या पिशवीचं ती पुढे काय करते? घरी न्यायची तर आईला काय सांगायचं? टाकून द्यायची तर कपडे चांगले आहेत. अपमान करणाऱ्या बाईला उलट उत्तर देता येतं, माया करणाऱ्या बाईला देता येत नाही, म्हणून हा प्रसंग जास्त खोल जातो.

तिथेच खाली गेटवर एक माणूस बसवा. टॉवरचा वॉचमन तिच्याच चाळीतला, तिच्या आईला ताई म्हणणारा. 'रुचे, तू इथे कुणाकडे?' असं तो विचारतो, रजिस्टर पुढे करतो आणि 'कुणाकडे' या रकान्याशी तिचं पेन थांबतं. घरकाम करणाऱ्या बायका सर्व्हिस लिफ्टने जातात, त्यात तिच्या दोन मावश्या आहेत. ती कुठल्या लिफ्टपुढे उभी राहते? मुलगा हे काहीच बघत नाही, तो वर वाट बघतोय. हा योगायोग वाटणार नाही, कारण शेजारच्या टॉवरमध्ये कामाला जवळच्या वस्तीतलीच माणसं असतात.

निवेदन दोघांच्या तोंडून आलटूनपालटून करावं का, असं तुम्ही विचारलंय. करता येईल, पण दोघांची मोजायची पद्धत वेगळी ठेवा. मुलीच्या प्रकरणांत वेळ, पैसे आणि जागा नेमकी यावी: पाणी किती वाजता जातं, भाऊ झोपला की पंख्याखालची जागा कुणाची. मुलाच्या प्रकरणांत किंमत कधीच येऊ नये, कारण तो ती बघत नाही. त्याच्याकडे दुसऱ्या गोष्टी मोजायला आहेत: आई-वडील एकमेकांशी किती दिवस बोललेले नाहीत, क्लासच्या टेस्टमध्ये तो कितवा. कादंबरीच्या शेवटाकडे एका ठिकाणी त्याने पहिल्यांदा पाटीची उजवी बाजू वाचली, तर वाचकाला बदल कळेल, वेगळं सांगावं लागणार नाही.

मुलीच्या प्रकरणांत एक चूक हमखास होते. ती स्वतःच्या खोलीचं वर्णन पत्रकारासारखं करते: 'आमची खोली अवघी एकशे साठ चौरस फुटांची.' ज्या खोलीत जन्म गेला ती माणसाला अरुंद दिसत नसते. तिला दिसतं की आजीची गादी कुठल्या कोपऱ्यात गुंडाळली जाते, दफ्तर कुठल्या खुंटीला, आणि कपडे बदलताना कुणाला बाहेर जा म्हणायचं. खोली तिला पहिल्यांदा लहान दिसते ती मुलगा आत येऊन 'बसू कुठे?' म्हणतो तेव्हा. तो क्षण एकदाच वापरता येतो, पहिल्या प्रकरणात उधळू नका.

आता शेवट. त्यांचं लग्न हा प्रश्नच नाही, कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस लागतात, आणि वाचकांनाही ते नको असतं. अचानक मिळालेली स्कॉलरशिप, वडिलांचं हृदयपरिवर्तन, मुलाचा अपघात, परदेशी जाणं, हे चारही टाळा, कारण चारहींत दोघांना काही ठरवावं लागत नाही. वर म्हटलेली असमान चूक मध्यावर ठेवली असेल तर शेवट तिच्याकडूनच येतो: मुलाला कळलं की ती चूक तिला किती पडली, आता तो काय करतो? नवा फोन विकत घेऊन देणं हे सोपं उत्तर आहे आणि ते चुकीचं आहे, त्याने ती पुन्हा देणेकरी होते. पण तिच्या आईसमोर जाऊन 'लेक्चर बुडवायची कल्पना माझी होती' असं सांगणं त्याला खरंच जड जाईल, कारण मग ते त्याच्याही घरी कळणार. ते सांगितल्यावर दोघं बरोबर राहतात की नाही, हे तुम्ही कुठल्याही बाजूने लिहू शकता. दोन्ही शेवट खरे वाटतील.

हाताशी असलेला मजकूर फेकू नका. सगळं एकदा सलग वाचा आणि समासात प्रत्येक प्रसंगापुढे तीन खुणांपैकी लागू पडेल ती करा: इथे पैसा आडवा आला, वेळ आडवी आली, जागा आडवी आली. ओळीने तीन प्रसंगांना एकही खूण नसेल, तर तिथे दोघं हवेत तरंगतायत असं समजा. सगळ्यांनाच 'पैसा' ही खूण असेल, तरी बिघडलंय, कारण मग मुलगी चोवीस तास फक्त गरीबच असते. तिला गाणं, गणित, कबड्डी, चिडकेपणा, काहीतरी असू द्या. दुरुस्तीला सुरुवात कॅफेच्या प्रसंगापासून करा, मुलाच्या आईचं प्रकरण सगळ्यात शेवटी घ्या, कारण मधलं नीट झालं की ते किती उरतं ते बदलेल. एकूण लांबी तीस-पस्तीस हजार शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका. या वयाच्या मराठी वाचकाला दाट छापलेली जाड पुस्तकं बघूनच धास्ती वाटते.

मग अकरावी-बारावीतल्या चार-पाच मुलांना वाचायला द्या, वेगवेगळ्या घरांतल्या. 'कसं वाटलं' विचारू नका, सगळे छान म्हणतील. कुठे वाचायचं थांबवलंत त्यावर पेन्सिलने रेघ मारा, असं सांगा. आणि मधलंच एखादं पान उघडून विचारा, 'आत्ता हिच्याकडे साधारण किती पैसे उरले असतील?' पान न उलटता त्यांना अंदाज सांगता आला, तर पुढचा खर्डा प्रकाशकाकडे पाठवायला हरकत नाही.